बोटीची खोळ

जिल्ह्याची वाटणी होऊन गोंदिया वेगळा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं आणि मी मोहाडीहून भंडाऱ्याला आले. सासर विणकरांचं. पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता आणि सासरे दिवसभर त्याच्यावर बसत. नवऱ्याला त्या कामात रस नव्हता. तो मोटारी दुरुस्त करायला शिकला होता. शेतातल्या पंपांची जळालेली वायंडिंग काढायची, नवी तार भरायची. मी शिलाई करत होते.

लुगड्यांना गिऱ्हाईक कमी होत गेलं तसा माग जास्त वेळ बंद राहू लागला. एकदा सासरे नातेवाइकांच्या लग्नाला गेले असताना नवऱ्यानं माग उपसला, खड्डा बुजवला आणि तिथं कामाचं टेबल मांडलं. त्यानं आधी दोनदा विचारलं होतं, सासऱ्यांनी हो किंवा नाही काहीच म्हटलं नव्हतं. परत आल्यावर त्यांनी जमिनीकडे पाहिलं आणि मला पाणी मागितलं. भांडण झालं नाही. पण त्या दिवसापासून बापलेक एकमेकांशी थेट बोलेनासे झाले. जे काही सांगायचं ते माझ्यामार्फत. एकाच ताटलीतून लोणचं घेताना सुद्धा सासरे म्हणत, "त्याले विचार, मीठ पाह्यजे काय." आणि तो तिथंच बसलेला असे. अशी बरीच वर्षं गेली. मलाही त्याची सवय झाली.

पुढं गोसेखुर्द धरणाचं पाणी वैनगंगेत वर चढलं आणि काठावरच्या वाटा बुडाल्या. शेतकऱ्यांचे पंप पाण्याच्या कडेला, आणि तिथवर जायला रस्त्यानं मोठा वळसा. नवऱ्यानं एक जुनी फायबरची बोट घेतली. पूर्वी ती कुठल्या तरी तलावात लोकांना फिरवायला होती. पावसाळ्यापासून उन्हाळी धानाला पाणी लागेपर्यंत ती घाटावर बांधलेली असे. नदीचं काम कमी झालं की नवरा ती दोन चाकांच्या ट्रॉलीवर चढवी आणि जीपमागं जोडून तुमसरकडच्या तलावांवर नेई. इंजिन तो रोज काढून घरी आणी, पण हत्यारं आणि दुरुस्त केलेल्या मोटारी बोटीतच राहत. भरलेल्या तारेला पाणी लागलं की सगळी मेहनत वाया. म्हणून बोटीला खोळ हवी होती.

पहिल्यांदा निळी प्लास्टिकची ताडपत्री बांधली, धान झाकायला असते तसली. चार महिन्यांत ती उन्हानं कडक झाली आणि हात लावला की तिचे कपटे पडू लागले. दुसरी आणली. ती नवी होती, पण मधोमध सैल होती, आणि त्या खोलगट भागात पाऊस साचला. सकाळी घाटावरून निरोप आला. आम्ही गेलो तेव्हा बोट काठोकाठ भरून पाण्याखाली बसली होती, फक्त नाकाडाचं टोक आणि निळं प्लास्टिक वर दिसत होतं. आत एका शेतकऱ्याची मोटार होती. नवऱ्यानं ती पुन्हा उघडली, सगळी तार काढून फेकली आणि नव्यानं भरली.

त्यानंतर आम्ही शहापूरला हायवेवरच्या दुकानात गेलो. तिथं ट्रकवर टाकायची मेणकापडं मिळतात. दुकानदारानं एक जाडजूड सुती कापड उलगडलं. त्याला रॉकेल आणि मेणाचा वास होता. मला ते बरं वाटलं, पण आम्हा दोघांना मिळून ते उचलेना. भिजल्यावर एकट्या माणसानं ते बोटीवरून कसं काढायचं, हा प्रश्न होता. आम्ही रिकाम्या हातानं परत आलो.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. सासरे ऐकत होते. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाले, "त्याले सांग, बजारात कायले फिरून राहिला. कापड मी विणून देतो."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बाबांले म्हण, माग कुठं आहे आता."

"चुलतभावाच्या घरी आहे अजून," सासरे मला म्हणाले.

शेजारच्या गल्लीत तो चुलत सासऱ्यांचा माग होता. दुसऱ्या दिवसापासून ते तिथं जाऊ लागले. दुहेरी पीळ दिलेलं जाड सूत त्यांनी मागवलं. त्यांच्या वयाला ते काम जड होतं. मी दुपारी डबा घेऊन जाई तेव्हा ते हातातला धोटा खाली न ठेवता मानेनंच खूण करत. बाणा, म्हणजे आडवा धागा, इतका घट्ट ठोकत की अख्ख्या दुपारी कापड वीतभरच पुढं सरके. पट्टे लुगड्याच्या पन्ह्याचे निघाले, ते मी एकावर एक चढवून जोडले. शिलाईवर सासऱ्यांनी स्वतः मेण घासलं.

पहिल्या पावसात ते घाटावर उभे राहिले आणि नंतर मला बोटीत हात घालायला लावला. आत कोरडं होतं. सूत भिजलं की फुगतं आणि वीण बंद होते, असं त्यांनी मला समजावलं. नवरा दोरी आवळत होता. तो म्हणाला, "चांगलं आहे." कोणाला म्हणाला ते कळलं नाही, पण सासरे घरी येईपर्यंत हात मागं बांधून, मान वर करून चालत होते. मी त्यांना तसं आधी कधी पाहिलं नव्हतं.

पावसाळाभर खोळ वाळलीच नाही. घाटावर खालून पाण्याचा दमट श्वास आणि वरून पाऊस. दिवाळीच्या सुमारास तिच्यावर काळे ठिपके दिसू लागले. मी ब्रशनं घासले, ते पुन्हा आले. नवऱ्याच्याही ते लक्षात आलं होतं, कारण तो त्या खोळीची घडी फार हळू घालू लागला होता. आम्ही दोघंही घरात त्याबद्दल बोललो नाही. मी मनात ठरवलं होतं की हा हंगाम निघाला की कसंतरी सांगू.

सासरे एका सकाळी एकटेच घाटावर गेले. बराच वेळ आले नाहीत म्हणून मी बघायला निघणार, तेवढ्यात ते दारात आले. चप्पल काढून सरळ पुढच्या खोलीत गेले. माग उपसल्यापासून त्यांनी त्या खोलीत पाय ठेवला नव्हता. मागच्या दारानं ये-जा करत. नवरा टेबलावर वाकून तार भरत होता.

"माहं कापड सडलं," सासरे म्हणाले. "अंगठा लावला तं आरपार गेला."

नवऱ्यानं तार हातातच धरून ठेवली. मी दाराशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पाण्यावर सुती चालत नाई. तुले ठाऊक होतं?"

"ठाऊक नव्हतं. वाटलं होतं, चालंल म्हणून," नवरा म्हणाला. तार टेबलावर ठेवून म्हणाला, "पाऊस तं अडवला न बाबा तुमच्या कापडानं."

"अडवला. पण सडलं न. आता दुसरं आण. मी येतो संगं."

एवढंच झालं. सासरे बाहेर येऊन बाजेवर बसले. मी चहा केला.

त्या आठवड्यात आम्ही तिघं जीपनं नागपूरला गेलो. तिथं छत्र्या, दुकानांपुढचे कापडी छज्जे आणि गाड्यांच्या खोळी शिवणाऱ्यांना कापड पुरवणारं एक दुकान होतं. दुकानदारानं दोन कापडं पुढं केली. एक पॉलिस्टरचं, आतल्या बाजूला लेप दिलेलं, ओढायला मजबूत. दुसरं छज्ज्यांचं, मऊ, हवा जाऊ देणारं. सासऱ्यांनी चष्मा पुसला, दुसऱ्या कापडाच्या कडेचा एक धागा ओढला, नखानं चिरला आणि उजेडात धरला. रंग धाग्याच्या आतपर्यंत होता. वरून रंगवलेला नव्हता.

"हे घे," ते म्हणाले. "उन्हात रंग उडणार नाई. अन् श्वास घेते."

"बाबा, ट्रॉलीवर नेताना वारा भरते. हे मऊ आहे, कोपऱ्यावर घासून फाटंल."

"बोट बारा महिने ट्रॉलीवर असते काय?"

"नाई. पण फाटली तं एकाच दिवशी फाटंल."

"अन् ते दुसरं आत वाफ धरंल. माह्या कापडाचं काय झालं, पाह्यलं न?"

"तुमचं सुती होतं."

"वाफ ते वाफच."

ते भांडत होते. दुकानदार अवघडला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडची गठ्ठ्यांची रास पाहत राहिले. इतक्या वर्षांत मी मध्ये नसताना त्यांचं झालेलं हे पहिलं भांडण होतं आणि मला ते थांबवायची अजिबात घाई नव्हती.

शेवटी दोन्हींचे तुकडे घरी आणले. सासऱ्यांनी ते गच्चीवर वाळत घालायच्या दोरीला ताणून बांधले. रोज सकाळी त्यांच्यावर बादलीनं पाणी ओतायचं, दुपारी उन्हात ठेवायचं, संध्याकाळी विटेच्या कडेवर घासायचं. नवराही कामावरून आला की आधी गच्चीवर जाई. वरून दोघांचे आवाज येत. बहुतेक वेळा वादच असे. मऊ कापड विटेवर लवकर विरलं. पॉलिस्टर टिकलं, पण त्याच्याखाली ठेवलेला कागद दमट झाला. दोघंही थोडे थोडे बरोबर निघाले.

मग पॉलिस्टरच घेतलं, फिकट करड्या रंगाचं. वाफ जायला मी दोन्ही टोकांना झडपेसारख्या खिडक्या काढल्या आणि त्यांना आतून जाळी लावली. जिथं खोळ बोटीच्या कडेवर घासते तिथं दुहेरी पट्ट्या दिल्या. नवऱ्यानं पाइप वाकवून मधोमध कमान बसवली, म्हणजे पाणी साचायला जागा राहिली नाही. सासरे माझ्या मशीनशेजारी स्टूल घेऊन बसले. मी सवयीनं सुती रीळ लावलं, तर त्यांनी ते काढून माझ्या हातात दिलं.

"धागा आधी सडते, सूनबाई. मंग कापडाले दोष."

ती खोळ पुष्कळ वर्षं चालली. एकदा नाकाडोंगरीच्या रस्त्यावर एक पट्टा तुटला, तेवढाच. घरातलं बोलणं फार वाढलं असं मी म्हणणार नाही. मुळात दोघंही कमी बोलणारे. पण जेवताना निरोप द्यायचं माझं काम संपलं, आणि पहिले काही दिवस मला ताटावर काय करावं ते सुचत नसे.

नंतरच्या हिवाळ्यात सासरे म्हणाले की त्यांना बोटीतून फिरायचं आहे. तरुणपणी ते सायकलवर लुगड्यांचं गाठोडं बांधून काठावरच्या गावांच्या बाजारांना जात. नवऱ्यानं त्यांना पुढं बसवलं, मी मागं बसले. ओळखीच्या वाटा पाण्याखाली होत्या, त्यामुळं त्यांना गावं ओळखता येईनात. एका ठिकाणी चिंचेची मोठी झाडं दिसली तेव्हा त्यांनी हात वर केला. नवऱ्यानं इंजिन बंद केलं.

"इथं बजार भरे," सासरे म्हणाले. "त्या झाडाखाली मी बसो."

"खपत होते लुगडे?" नवऱ्यानं विचारलं.

"खपत होते. बाया हातानं घासून पाह्यत, मंग घेत."

बोट हळूहळू वाहत झाडांपासून लांब जात होती. नवऱ्यानं वल्हं घेतलं आणि ती पुन्हा झाडांजवळ आणली.