आमच्या घरात साखर न्हाई

लवंगेच्या तेलाचा वास आला की अंबडचा तो दातांचा दवाखाना आठवतो. आईच्या हिरड्या सुजून दात हलत होते. आधीच्या डॉक्टरने धड न बघताच "सगळे काढा, कवळी बसवा" म्हणून सांगितलं होतं, जणू तोंड अंगापासून वेगळंच असतं! त्याचा संताप अजून येतो. अंबडच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र हिरड्या नीट तपासल्या आणि विचारलं, "मावशी, साखर आहे का?" आई ठसक्यात म्हणाली, "बिलकुल न्हाई बाई. आमच्या घरात गूळच असतो. चहाबी गुळाचाच, दिवसभर." बाई खळखळून हसल्या, पण दाताला हात लावण्याआधी त्यांनी रक्त तपासायला लावलं. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तास झाले तरी साखर पुरती उतरली नव्हती. "आजार अजून लागला नाही, पण उंबऱ्यावर आलाय," त्या म्हणाल्या. "साखरेनं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखर वाढवतात." आई म्हणाली, "मंग उंबऱ्यावरूनच हाकलू की त्याला!" हिरड्या साफ झाल्या, चहातला गूळ सुटला, सगळ्यांऐवजी दोनच दात काढण्यावर निभावलं. तोंड बघताना अख्खं माणूस बघणारी ती बाई भेटली, म्हणूनच आज आई ज्वारीची कडक भाकरी चावते आणि माझ्या हातातली, 'हिरड्या सुजल्या तर साखर तपासा' असं सांगणारी गावात वाटायची पत्रकं बघून मला दटावते, "पत्रकं मंग वाट, आधी जेव."