‘संपलं’चा डबा

आमच्या वर्गातल्या बाई एका गोष्टीत भलत्याच कडक. वर्ग स्वमग्न मुलांचा, म्हणून दिवसभरात काय काय करायचं त्याची चित्रं भिंतीवर वेल्क्रोने लावलेली असतात: हात धुणं, मणी ओवणं, झोपाळा. काम झालं की मुलाने चित्र ओढून काढायचं आणि ‘संपलं’च्या डब्यात टाकायचं. डब्यात गेलेलं त्या दिवशी बाहेर येत नाही. एकदा मुख्याध्यापकांनी लाडाने एकाला पुन्हा झोपाळा देऊ केला, तर बाईंनी त्यांनाही गप्प बसवलं. संध्याकाळी डबा रिकामा करून चित्रं परत लावायची, हे माझं काम. मी इथली मावशी.

बाईंची आई गेली तेव्हा त्या पंधरवडाभर रजेवर होत्या. आज कोण आलंय ते दाखवणारे फोटोही भिंतीवर असतात; त्यांतून बाईंचा फोटो काढायचा, एवढं साधं बदली बाईंना सुचलं नाही. फळ्याभोवती फुलं मात्र छान चितारली. आमची एक मुलगी आहे, मी तिला चिमणी म्हणते. ती बोलत नाही. फोटो आहे आणि बाई नाहीत, म्हणून तिने त्यांना टेबलाखालीसुद्धा शोधलं. मग फोटो ओढला आणि डब्यात टाकला. भिंत रिकामी दिसते, असं बदली बाईंचं म्हणणं, म्हणून मी तो रोज संध्याकाळी परत लावायचे. चिमणी रोज सकाळी आल्या आल्या डब्यात टाकायची.

बाई परत आल्या त्या सकाळीही तेच झालं. बाई दारात, फोटो डब्यात. चिमणीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही, पुढे केलेला हातही धरला नाही. माझा जीव तुटला. मी डब्यात हात घातला तर बाई म्हणाल्या, “राहू द्या, मावशी. आज नाही.” मग दिवसभर तिच्या शेजारी बसून मणी ओवत राहिल्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं.

मुलं गेल्यावर मी विचारलं, रडलात तरी का?

“नाही हो. काही वाटतच नाही. सकाळी उठले की आईच्या गोळ्या वाटीत काढून ठेवते. आजही ठेवल्या.”

मी डबा रिकामा केला, बाईंचा फोटो भिंतीवर लावला. दवाखान्याच्या कागदांसाठी काढलेला आईचा छोटा फोटो त्यांनी पर्समधून बाहेर घेतला, जरा वेळ हातात धरला आणि डब्यात टाकला.

“हा उद्या काढू नका,” त्या म्हणाल्या.