बरोबरबाईंची हरकत

वसतिगृहात तिला सगळे बरोबरबाई म्हणत. वय कोवळं, पण 'बाई' चिकटली ती चिकटलीच. कुणी म्हणालं, आज काय उकडतंय, की ती म्हणे, "बरोबर आहे." त्याच खोलीतली दुसरी म्हणाली, मला तर हुडहुडी भरलीय, की हिचं ठरलेलं, "तुझंही बरोबर आहे." खिडकी उघडावी की लावावी यावरून त्या दोघी हमरीतुमरीवर आल्या, की ही मधोमध उभी राहून खिडकी अर्धी उघडी धरून ठेवायची.

हे बाळकडू घरचं. वडील शिंपी. गिऱ्हाइकाला 'नाही' म्हणायचं नाही, हे त्यांचं व्रत. पोट सुटलेला एखादा माणूस आरशासमोर उभा राहून "मी जरा उतरलोय, नाही का?" असं म्हणाला, की वडील तोंडातल्या टाचण्या न काढताच "हं" म्हणत आणि कंबर गुपचूप सैल धरत. घरातलं भांडणाचं सगळं खातं आत्याकडे होतं. आत्या ही वडिलांची थोरली बहीण. दूधवाला, पोस्टमन, समोरची शेजारीण, रेडिओवर बातम्या सांगणारा माणूस, कुणाला म्हणून तिनं सोडलं नव्हतं. तिच्याबरोबर बाजारात जायचं म्हणजे बरोबरबाईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आपला त्या बाईशी काही संबंध नाही अशा बेतानं ती मागे मागे चालायची.

अशी ही मुलगी हुशारीच्या जोरावर देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला आली. तिथं जेवणाच्या दालनात भिंतीभर जुन्या प्राध्यापकांची तैलचित्रं होती आणि ती सगळी ताटात काय वाढलंय ते बघत असल्यासारखी वाटत. मधल्या हिरवळीवर फक्त प्राध्यापकांनी चालायचं. विद्यार्थ्यांनी कडेनं वळसा घालून जायचं आणि तासाला उशीर झाला म्हणून बोलणी खायची.

पण खरी गंमत ट्यूटोरियलची. दर आठवड्याला दोन विद्यार्थ्यांनी सरांच्या खोलीत जायचं. एकानं आपला निबंध मोठ्यानं वाचायचा आणि दुसऱ्यानं त्यावर हरकत घ्यायची. पुढच्या आठवड्यात उलट. बरोबरबाईला ही पद्धत मनापासून आवडली होती. इतकी भांडणं होतात आणि एकही भांडं आपटलं जात नाही, याचं तिला केवढं अप्रूप! फक्त आपणही भांडायचं असतं, हे काही जमत नव्हतं. जोडीदाराचा निबंध संपला की ती मान डोलावून म्हणायची, "बरोबर आहे."

शेवटी सरांनी तिला एकटीला थांबवून घेतलं.

"हे बघ, तू लिहितेस छान. पण तू सगळ्यांशी सहमत असतेस. गेल्या महिन्यात तर परस्परविरोधी दोन निबंधांशी सहमत झालीस."

"बरोबर आहे, सर."

सरांनी कपाळाला हात लावला. "वर्ष संपायच्या आत तुझ्या तोंडून एक खरी हरकत ऐकली नाही, तर पुढच्या वर्षासाठी मी सही करणार नाही. मग दुसरा विषय बघ."

ती खाली आली ती रडवेली होऊन. दुसरा विषय तिला नको होता. जिन्याखाली तिचा जोडीदार वाट बघत उभा होता. त्याला सगळे वकील म्हणत, कारण बाप वकील, आजा वकील, आणि हा स्वतः दिव्याच्या खांबाशीही वाद घालील असा. पण कोटाचं बटण तुटलं की तो गरीब गाईसारखा बरोबरबाईकडे यायचा आणि ती ते लावून द्यायची.

"अगं, तुझ्यापेक्षा माझे हाल जास्त आहेत," तो म्हणाला. "तू हरकत घेत नाहीस, म्हणून सर घेतात. तासभर नुसता सोलून काढतात मला! तुझी हरकत परवडली, त्यांची नको."

"मग मी काय करू?"

"मीच तुला हरकत देतो. माझ्याच निबंधावर. तू फक्त पाठ कर आणि म्हण."

"पण ती हरकत माझी कशी?"

"ही बघ, घेतलीस की हरकत! अशीच तिथं घे."

ठरलं. शेवटच्या ट्यूटोरियलचा विषय होता, 'वचन कधी मोडावं?' वकिलानं निबंधात एक परिच्छेद घातला की ज्याला वचन दिलं तो वारला, तर वचनही संपलं. त्यावरची हरकत त्यानं तिला सांगितली आणि तिनं ती न्हाणीघरात, जिन्यात, हिरवळीच्या कडेकडेनं चालताना घोकून घोकून तोंडपाठ केली.

सरांच्या खोलीत प्रत्येक खुर्चीवर पुस्तकं बसलेली असत. माणसांसाठी उरायचा एक जुना सोफा. त्याच्या मधल्या स्प्रिंगनं कधीच मान टाकली होती, त्यामुळे दोघं दोन टोकांना बसले तरी घसरत घसरत मध्ये येत आणि तासभर एकमेकांना कोपरानं ढकलत राहत. सर समोर, स्वेटरचं एक बटण चुकवून, डोळे मिटून बसायचे. ते ऐकतात की झोपतात, हे आजवर कुणाला कळलं नव्हतं.

वकिलानं झोकात निबंध वाचला. संपला. बरोबरबाई पाठ केल्याप्रमाणे म्हणाली, "मेलेल्या माणसाला दिलेल्या वचनाबद्दल जे म्हटलंय, ते मला पटत नाही."

सरांनी डोळे उघडले. "मेलेला माणूस? कोण मेलं? मला झोप लागली होती की काय?"

वकिलाचा चेहरा पांढराफटक पडला. झालं होतं असं, की स्वतःचीच हरकत त्याला इतकी बिनतोड वाटली, की सकाळी त्यानं तो परिच्छेद निबंधातून काढूनच टाकला होता. आणि हे तिला सांगायचं विसरला होता.

"आहे ना, सर! वाचताना... पान उलटायचं राहिलं," तो म्हणाला आणि कोऱ्या पानाकडे बघत तोंडाला येईल ते वाचू लागला. "वचन घेणारा मेला, की वचन मेलं. उदाहरणार्थ..." उदाहरण सुचेना. त्याची नजर स्वतःच्या कोटाच्या बटणावर गेली. "उदाहरणार्थ, शिंपी. कोट शिवायला टाकलेलं गिऱ्हाईक वारलं, तर शिंपी सुटला. कापडाच्या खुशाल उशा शिवाव्यात."

"उशा?" बरोबरबाई ताडकन उठली. त्याबरोबर वकील सोफ्याच्या खड्ड्यात घरंगळला. "उशा काय उशा! तोंडाला येईल ते बोलतोस? आमच्याकडे एका घड्याळजींचा कोट शिवायला होता. एक बाही लावली आणि ते वारले. आत्या म्हणाली, उशा शिव. बाबांनी जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं, पण तेव्हा म्हणाले, 'नाही. शिवून देतो म्हणालोय.' दुसरी बाही लावली, काजं केली, इस्त्री केली. अजून खुंटीवर आहे तो कोट. बाबा त्याला मधून मधून ऊन दाखवतात. वचन घेणारा गेला असेल, देणारा आहे ना अजून!"

"पण घालणार कोण तो?" खड्ड्यातून वकील म्हणाला. वादाचा वास आला, की त्याला स्वतःची अडचणही आठवत नसे.

"घालायचा प्रश्न कुठे आला? तू मध्ये बोलू नकोस!"

"आणि घड्याळजींना कळणार कसं?" सरांनी विचारलं. डोळे टक्क उघडे होते.

"त्यांना नाही कळणार, सर. बाबांना कळतं की! तुम्हीसुद्धा काहीतरीच विचारता!"

बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपले दोन्ही हात कमरेवर आहेत आणि आवाज थेट आत्याचा आहे. ती चटकन खाली बसली. वकील पुन्हा चेंगरला.

सरांनी हात पुढे करून निबंध मागितला, पानं उलटीपालटी केली आणि वकिलाला परत दिला. "परिच्छेद चांगला होता. लिहायचा तेवढा राहिला." मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पहिली हरकत कुणाची?"

"त्याची," ती खाली मान घालून म्हणाली.

"आणि दुसरी?"

"माझी, सर. म्हणजे... थोडी आत्याचीही."

"बरोबर आहे," सर म्हणाले आणि त्यांनी सही केली.

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. उचलला आत्यानं.

"आत्या, आज मी भांडले! वकिलाशी आणि सरांशीसुद्धा!"

पलीकडून अगदी सावध आवाजात, "शेवटचा शब्द कुणाचा?"

"सरांचा. म्हणाले, 'बरोबर आहे.'"

"आणि तू?"

"मी काय? गप्प बसले."

"अगं वेडे," आत्या कळवळून म्हणाली, "समोरचा 'बरोबर आहे' म्हणाला म्हणून कुणी थांबतं का? खरं भांडण तिथूनच तर पुढे सुरू होतं! थांब, बाबाला देते. त्याला काही विचारू नकोस, तो हो म्हणेल."