मासे कापलेला फोटो

मागच्या मे महिन्यात, रविवारी सकाळी नऊच्या सुमारास, गडचिरोलीच्या बाजारात मासे विकणाऱ्या एका बाईंवर अन्याय झाला. तो मीच केला.

मी पत्रकं आणि पोस्टर बनवतो. तिकडच्या उन्हाळ्यात डिझाइन शिकायला इटलीला निघालो होतो, म्हणून आठवणीसाठी न विचारताच त्यांचा फोटो काढला. भाव पाडणाऱ्या गिऱ्हाइकावर त्या माशांचं पाणी बोटांनी शिंपडतात. फोटो काढताना मीही भिजलो.

तिकडे घर आठवलं की मी तो फोटो उघडून बसायचो. शेवटी खालची माशांची टोपली कापून नुसता चेहरा मोठा केला आणि तिथल्या प्रदर्शनात लावला. लोक म्हणाले, या डोळ्यांत केवढं दुःख आहे. मीही गंभीरपणे मान डोलावली.

परत आल्यावर बाईंना मोठ्या ऐटीत फोटो दाखवला.

"मासोया कुठी गेल्या?"

"कापल्या, बाई. तुमचं दुःख दिसावं म्हणून."

"कायचं दुःख? डोयावर ऊन येत होतं. अन् माल ताजा हाय का म्हनून गिऱ्हाईक मासोईचा डोया पाह्यते बाबू, माया नाई. हे पाहून लोक म्हनतीन, माल सडला म्हनून बाई रडून राह्यली."

पाणी पुन्हा माझ्या तोंडावर आलं. तिकडे घर आठवून रडू मला येत होतं, डोळे मात्र मी त्यांचे वापरले होते.

मग त्यांनी एकेक मासा डोळा वर करून मांडला, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "आता काढ."

तुम्हीही कॅमेरा उचलण्याआधी विचारा. आणि कुणाची टोपली कापू नका.