दाखवायची विहीर

आधी घमेलं दिसलं. पालथं. जेसीबी थांबवून माणसांनी हातानं माती काढली, तेव्हा घमेल्याच्या कडा धरलेली बोटं दिसली, मग मनगटं, मग कोपरं. माणूस उभाच होता. वरून पडणारी माती चुकवायला त्यानं घमेलं डोक्यावर पालथं धरलं होतं, आणि तसाच तो गाडला गेला होता.

काठावर त्याची सासू बसली होती. ती रडली नाही. "जावय माझा," एवढंच म्हणाली.

फौजदार साहेब पंचांना समोर घेऊन पंचनामा सांगत होते, रायटर लिहीत होता. मी शिडीवरून चार पायऱ्या उतरून खाली वाकून पाहिलं. त्या माणसाच्या कमरेपर्यंत पिवळा मुरूम होता. कमरेच्या वर, अंगावर, घमेल्यावर सगळी काळी माती होती. मी वर येऊन म्हणाले, "साहेब, मातीचे रंग लिहून घ्या. दोन आहेत."

साहेब म्हणाले, "बाई, माती ती माती. ऊन वाढतंय, अजून दोघं खाली आहेत."

मी गप्प बसले. तालुक्याहून फोटोग्राफर येईपर्यंत घमेलं उचललं गेलं होतं.

नोकरीत मी पुष्कळ मढी पाहिली. बहुतेक विसरले. हे विसरायला जमलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. नवरा पोलिसात होता, तो ड्यूटीवर असताना वारला आणि त्याच्या जागी मला घेतलं. शिपाई म्हणून लागले, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. लिहिण्याचा सराव नाही. पण जे झालं ते क्रमानं सांगता येतं.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. नाशिकच्या बाहेर आमच्या ठाण्याच्या हद्दीत एक गाव होतं. त्या गावाच्या जमिनीवर विमानतळाचं शहर येणार असं ठरलं होतं. नुसता विमानतळ नव्हे. गावातल्या सभेला मी बंदोबस्ताला होते, तेव्हा मोठा नकाशा पाहिला. मधोमध धावपट्टी. भोवती द्राक्षं आणि फुलं ठेवायची थंड गोदामं, कारखाने, हॉटेलं, ऑफिसं, दवाखाना, राहायच्या इमारती. आलेला माणूस सांगत होता की विमान हे निमित्त आहे, खरं शहर आहे. सकाळी तोडलेलं द्राक्ष संध्याकाळी परदेशात. सुरगाणा, पेठपर्यंतच्या पोरांना इथंच काम. ऐकताना मलाही बरं वाटलं. वाईट काय होतं त्यात?

जमीन घेताना तिच्यावर काय काय आहे ते मोजतात. झाड असेल तर झाडाचा मोबदला, शेड असेल तर शेडचा, विहीर असेल तर विहिरीचा. मोजणीला अजून महिना होता. त्या महिन्यात गावाचं रूप पालटलं. ज्या वावरात बाभूळ नव्हती तिथं आंब्याची कलमं लागली, ती इतकी दाट की शेळी आत शिरली तर तिला मागं फिरता यायचं नाही. कोंबडी नसलेली पोल्ट्री उभी राहिली. कोणी कोणाला हसत नव्हतं, कारण सगळेच तेच करत होते.

मोजणी होऊन गेली, आणि त्यानंतर तीन आठवड्यांनी सुरगाण्याकडची ती म्हातारी ठाण्यात आली. जीपच्या टपावर बसून आली होती. तिची मुलगी, जावई, मुलगा आणि जावयाचा चुलता असे चौघं विहीर खणायच्या कामाला या बाजूला आले होते. बाजाराच्या दिवशी निरोप यायचा, तो बंद झाला होता.

"माझी पोसी कठं गेली, बाय?" ती मला म्हणाली. पोसी म्हणजे मुलगी.

ठाणे अंमलदार नोंद घ्यायला तयार नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, सुरगाण्याची माणसं हरवत नसतात. पुढच्या कामाला जातात."

"मग पुढचं काम कुठंय ते लिहा," मी म्हणाले. "नसेल माहीत तर हरवल्याची नोंद करा."

त्यानं केली. माझ्याच गळ्यात घातली, कारण हरवलेल्यांत एक बाई होती.

म्हातारीला मालकाचं नाव माहीत नव्हतं, गावाचं माहीत होतं. मी एक शिपाई घेऊन गावात गेले. घरोघर एकच प्रश्न विचारला. इथं कोणी नवी विहीर खणली का? सगळे म्हणाले, नाय. सरपंच म्हणाला नाय, किराणावाला म्हणाला नाय. डोळे चुकवून नव्हे, सरळ तोंडाकडे बघून. खोटं बोलणारा माणूस मला ओळखू येतो. पाणी तरी विचारतो, नाहीतर तुमच्या साहेबाची ओळख तरी सांगतो. ही माणसं खोटं बोलत नव्हती, म्हणून मी दुसऱ्या गावांना गेले. आठ दिवस वाया घालवले. म्हातारी तेवढे दिवस ठाण्याच्या ओट्यावर बसून होती. रोज संध्याकाळी मी दिसले की उठून उभी राहायची. मी मान हलवली की बसायची.

नवव्या दिवशी परत त्याच गावात गेले. एक बाई झेंडू खुडत होती, नाशिकच्या बाजाराला पाठवायला. तिच्या बांधावर बसले आणि कंटाळून पुन्हा तेच विचारलं.

ती हसायला लागली. "विहीर? ह्या शिवारात? अवं ताई, इथं पाणी लागलं असतं तर माझ्या सासऱ्यानं टँकरवाल्याचे पाय धरले असते का?"

"म्हणजे कोणीच खणली नाही?"

"पाण्याची नाय खणली. दाखवायची खणली ना, पलीकडच्या वावरात. ती काय विहीर हे का?"

मी उठून उभी राहिले. "दाखवायची म्हणजे?"

"मोजणीवाल्यांला दाखवायची! समद्यांनी कायबाय केलं, आम्हीबी कलमं लावली. तुम्ही विहीर इचारत होत्या. आसं इचारायचं ना मंग."

गावाच्या हिशोबानं पाणी नसेल तर ती विहीर नव्हती. कोणी खोटं बोललं नव्हतं. मला विचारता आलं नव्हतं.

पलीकडच्या वावरात गेले. सपाट रान, वर नांगर फिरवलेला. विहीर कुठंच नव्हती.

त्या वावराच्या मालकाला ठाण्यात बोलावलं. शेती होती, पण तो आता जमिनींचे व्यवहार करायचा. पांढरे कपडे, पायात बूट. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. तासभर साहेब विचारत होते आणि तो एकच सांगत होता. विहीर नाय, मजूर नाय, मी तर सातपूरला भावाच्या वर्कशॉपमधे होतो महिनाभर. साहेब थकून म्हणाले, "बाई, तुम्हाला काय विचारायचं असेल तर विचारा."

मी मोजणीच्या यादीची नक्कल आणून ठेवली होती. ती त्याच्यासमोर ठेवली.

"मला वाचायला वेळ लागतो," मी म्हणाले. "तुमच्या गटापुढे काय लिहिलंय, तेवढं मोठ्यानं वाचा."

तो वाचायला लागला. "आंबा कलमं... पत्र्याची शेड एक..." आणि थांबला.

"पुढं?"

"जाऊ द्या ना बाई."

"वाचा."

"विहीर एक. काम अपुरं."

"सही कोणाची?"

त्यानं आपल्याच सहीवर अंगठा ठेवून यादी माझ्याकडे सरकवली.

"दाखवायची विहीर ना?" मी म्हणाले. "मग चला, दाखवा."

चहा त्यानं खाली ठेवला. मग हळूहळू सगळं सांगितलं. मोजणी करणारे पाहून, लिहून गेले होते. पण पुन्हा तपासणी होईल, तेव्हा अजून खोल दिसली तर बरं, म्हणून त्यानं काम चालू ठेवलं. कडेला बांधकाम नाही, आधार नाही. बांधायची कशाला? ती टिकायची नव्हतीच. दुपारी मुरमाची कड मधूनच सुटली. तीन पुरुष खाली होते. बाई वर कप्पीवर दोर ओढत होती. बोभाटा झाला तर पोलीस येतील आणि मोबदला जाईल, विहीर काय यादीत लागलीच होती, म्हणून त्यानं रस्त्यावरचा जेसीबी बोलावून विहीर बुजवली.

"आधी वर काढायचा प्रयत्न केला?" साहेबांनी विचारलं.

"मेले होते, साहेब. समदे मेलेच होते."

"खाली उतरून पाहिलं?"

"नाय."

बाई कुठं आहे तेही त्यानं सांगितलं. दिंडोरीकडे एका द्राक्षबागेत तिला नेऊन सोडलं होतं. मी जीप घेऊन गेले. ती वेलींखाली बसून काड्या गोळा करत होती. माझा गणवेश पाहिला आणि दोन्ही हात पुढं केले, बेडी घालून घ्यायला.

"दोर माझे हातात होता, बाय," ती म्हणाली. "मालक बोलला, तू नीट नाही धरला म्हणून झाला. पोलीस तुलाच नेतील."

"दोरानं दरड पडत नाही," मी म्हणाले. "तुझी आई ठाण्यात बसली आहे."

तिनं ते ऐकलंच नाही. "तो आतून हाका मारत होता," ती म्हणाली. "मशीन आली तरी मारत होता."

दुसऱ्या दिवशी आम्ही ती जागा उकरली. तिथं काय दिसलं ते मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. जेसीबीनं उकरताना विहिरीच्या कडाही गेल्या, त्यामुळे कुठली माती कुठं होती ते दाखवायला काही उरलं नाही.

आता तो रंग. मुरूम कोसळला तो विहिरीच्या कडेच्या मधल्या भागातून. वरचा काळा थर जागच्या जागी होता, हे बाईनं आणि मालकानंही सांगितलं होतं. काळी माती मोलाची असते, ती खणताना काठावर वेगळी रचून ठेवली होती; जेसीबीनं तीच आत लोटली. म्हणजे मुरमात तो माणूस कमरेपर्यंतच अडकला होता. घमेलं त्यानं धरलं ते काळ्या मातीसाठी, म्हणजे जेसीबीसाठी. शेतात राबलेल्या कोणालाही हे कळलं असतं.

कोर्टात पंचनामा वाचला गेला. त्यात लिहिलं होतं, "मातीत गाडलेल्या स्थितीत". मालक पोलिसांपुढे जे बोलला ते कोर्टात चालत नाही. जेसीबीवाला फिरला, म्हणाला मी फक्त रान सपाट केलं. डॉक्टर म्हणाले, गुदमरून मरण, पण दरडीनं की नंतर हे सांगता येणार नाही. मी साक्षीत रंग सांगितला. मालकाच्या वकिलांनी शांतपणे विचारलं, "हे पंचनाम्यात आहे का?"

"नाही."

"तुमच्या डायरीत?"

"नाही."

"शिक्षण किती, बाई?"

"चौथी."

ते खाली बसले.

मग त्या दोरवाल्या बाईला उभं केलं. वकिलांनी विचारलं, हाका कोणाला मारत होता? ती म्हणाली, "मला नाही. मशीनला. थांबा, थांबा, बोलत होता."

"तेव्हा दोर कोणाच्या हातात होता?"

तिनं आपले हात पुढं केले. तिला दहा वेळा समजावलं होतं की दोराचा काही संबंध नाही. तिला ते कधीच पटलं नाही.

हयगयीनं मरण आणि पुरावा नाहीसा करणं, एवढंच शाबीत झालं. जिवंत माणसं बुजवली हे शाबीत झालं नाही. मालक अपिलात जामिनावर सुटला आणि मी निवृत्त होईपर्यंत सुटलेलाच होता. लग्नाकार्यात भेटायचा. नमस्कार करायचा.

विमानतळाचं शहर तिथं आलं नाही. नकाशा दुसरीकडे सरकला म्हणतात. कलमं पाण्यावाचून वाळली, शेडचे पत्रे लोकांनी काढून नेले. मी त्या शहराच्या विरुद्ध नाही. झालं असतं तर सुरगाण्याच्या बायकांना गोदामात सावलीतलं काम मिळालं असतं कदाचित. पण ती यादी मी नीट पाहिली आहे. झाडं, शेड, घरं, विहिरी, प्रत्येकाचा रकाना होता. विहिरीत उतरलेल्या माणसांचा नव्हता. नव्हती ती विहीर कागदावर आली आणि होती ती काळी माती आली नाही. पहिल्याचा दोष मालकाचा. दुसऱ्याचा माझा. मी एकदा सांगून गप्प बसले. साहेबांना वाईट वाटलं असतं तर वाटलं असतं, मी तिथं आरडाओरडा करायला हवा होता. नव्या पोरी भरती होऊन यायच्या तेव्हा त्यांना मी एवढंच शिकवलं, की दिसलं ते लिहून घेतल्याशिवाय जागेवरून हलायचं नाही. त्या हो म्हणायच्या. त्या तिघांना त्याचा उपयोग नव्हता.

निवृत्तीच्या वर्षी त्या म्हातारीची मुलगी मला पेठ नाक्यावर दिसली, कामाच्या जीपची वाट बघताना. आई वारल्याचं तिनं सांगितलं.

"कुठं निघालीस?"

"विहिरीवर."

"खाली उतरतेस?"

"नाही. दोर धरते."

जीप आली, ती चढली. दरड कोसळली त्या दिवशी तिघं खाली होते, ती एकटी वर होती. तिघं मेले. ती जगली.