ढावलोसाठी सात मिनिटं

हिंगोलीत लोककलेचा मेळा भरवायचा म्हणजे आधी सभागृहाच्या परवानगीसाठी तीन टेबलं फिरायची, मग खुर्च्यांसाठी मंगल कार्यालयवाल्याची मनधरणी करायची. एवढं करून पाहुणे मिळाले की कलावंत मिळत नाहीत, आणि कलावंत आले की पाहुणे उठून जातात. हे मी बारा वर्षं करत आले होते. दिवसभर कचेरीत फाइली, संध्याकाळी हे. सुरुवातीला हौस होती, पुढे नुसती सवय उरली. त्या वर्षी तर मी मनाशी ठरवलंच होतं की हा शेवटचा. मला कोणी अडवलं असतं असंही नाही.

कळमनुरीकडच्या एका तांड्यावरच्या बंजारा बायका दरवर्षी यायच्या. त्यांची म्होरकी एक म्हातारी. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मीही तेच म्हणायचे. दरवर्षी त्या फेर धरून नाचत आणि लोक टाळ्या वाजवत. त्या वर्षी मात्र एका मोठ्या शहरातल्या संस्थेची माणसं बघायला येणार होती. पसंत पडलं तर पुढच्या वर्षीपासून मेळ्याचा भार तीच उचलणार होती. म्हणजे मी सुटले असते आणि मेळाही चालू राहिला असता. फोनवर त्यांनी सांगितलं, नाच सगळीकडेच बघतो, काहीतरी आतलं दाखवा. मी विचार न करता म्हणाले, ढावलो दाखवते.

ढावलो सासरी निघालेली मुलगी म्हणते. एकेकीच्या गळ्यात पडून, ज्या त्या नात्याचं गाणं रडत रडत. मी तांड्यावर जाऊन मागणी केली तेव्हा याडीनं एवढंच विचारलं, “कोणाची पोरगी चालली?”

कोणाचीच नाही, मी म्हणाले, नाटकासारखं करायचं. ती सुपारी कातरत राहिली. पोरगी निघाल्याशिवाय ते म्हणत नाहीत, असं तिचं म्हणणं पडलं. मी माझी बारा वर्षं तिच्यापुढे मांडली, मेळा बंद पडेल अशी भीतीही घातली. शेवटी तोड तिनंच काढली. तांड्यावरच्या एका मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. तिलाच उभी करू म्हणाली, मग ते खोटं होणार नाही. मला तर तेच हवं होतं. सगळ्यांना असतात तशी सात मिनिटं मी त्यांनाही दिली. बायका किती येणार, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

सतरा आल्या. तिसऱ्या प्रहरी पडदा उघडला तेव्हा त्या ओळीनं बसल्या होत्या आणि टोकाला मुलीची आई. आईची पाळी शेवटी असते. मुलगी पहिलीच्या गळ्यात पडली आणि तिनं असा सूर काढला की सभागृहातली कुजबुज थांबली. दुसरी, तिसरी, चौथी. मुलगी खरंच रडत होती. मी विंगेत घड्याळ घेऊन उभी होते. सात मिनिटं झाली तेव्हा ती नवव्या बाईपाशी होती. पोवाडेवाले डफ घेऊन माझ्यामागे ताटकळत होते. मी आणखी थोडा वेळ दिला. पुढच्या रांगेत संस्थेच्या बाई निवेदकाकडे बघून भुवया उंचावत होत्या. मुलगी आईपाशी पोचली, तिनं हात पसरले, आणि त्याच क्षणी मी पडदेवाल्याला खूण केली. बारा वर्षांच्या सवयीनं केली. पडदा मिटला, टाळ्या पडल्या.

पडद्यामागे कोणीही उठलं नाही. मुलगी आईच्या गळ्यात पडून म्हणतच होती. मी जवळ जाऊन म्हणाले, याडी, आवरा आता, पुढची मंडळी थांबलीत. याडीच्या आवाजात राग नव्हता.

“बाई, तुमचा टाइम सरला असंल तर तुमी जा. आमचं झालं न्हाई. आईला सोडून पोरगी कशी उठंल?”

मला लाज वाटली. आणि खरं सांगते, लाजेहून जास्त थकवा आला. पडद्यापलीकडे निवेदक माझ्या इशाऱ्याची वाट बघत पाहुण्यांची नावं पुन्हा पुन्हा घेत होता. मी पोवाडेवाल्यांना बसायला सांगितलं आणि स्वतःही तिथंच फळ्यांवर बसले. बाहेर खुर्च्या सरकल्या. संस्थेची मंडळी निघाली असणार, हे मला न बघता कळलं. आता भार कोणी उचलणार नव्हतं.

आईचं झालं. मला वाटलं संपलं. पण मुलीनं डोळे पुसले, आजूबाजूला पाहिलं आणि ती माझ्याकडे आली. तिथं हजर असलेली थोरली बाई सोडायची नसते, हे मला ठाऊक नव्हतं. पडदा मीच ओढायला लावला, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ती माझ्या गळ्यात पडली आणि तिनं पुन्हा सूर धरला. त्या गाण्याला थोरलीनं काय उत्तर द्यायचं असतं, हे मी बारा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले आणि माझ्या भाषेत म्हणाले, “माझं चुकलं, बाळा.”