मालकाच्या हातात हातोडा

चाचा निकामी बेरिंग स्वतः कधी मोडत नसत. ते मालकाच्या हातात हातोडा देत.

अमळनेरला धुळे रस्त्यालगत, एका शिक्षणसंस्थेच्या जागेच्या कोपऱ्यात त्यांची पत्र्याची शेड होती. तीस वर्षे ते तिथे चाकांचे हब, बेरिंग आणि ब्रेक एवढीच कामे करत. इंजिनचे काम घेऊन कोणी आले की हाताने पुढचे गॅरेज दाखवत. घरात हिंदी बोलणारे चाचा गिऱ्हाइकाशी मात्र अहिराणीतच बोलत. एवढ्या कामावर भागते का, असे एकाने विचारले तेव्हा म्हणाले, "गाडी पळाडाले बठ्ठं गाव शे. थांबाडाले कोनी पाहिजे का नको?"

गाडी आली की आधी जॅक लागे. चाक जमिनीवरून सुटले की टायर वरून-खालून धरून ते हलवत, मग फिरवून डोळे मिटून ऐकत. मालक मध्येच बोलू लागला तर त्याला गप्प करत. "तू नंतर बोल. आते चाक बोली राहिनं."

हब उघडून, जुने ग्रीस पुसून, बेरिंग डिझेलमध्ये धुऊन ते उन्हात धरत. "नख फिरव," असे मालकाला सांगत. पोलादी कडीवर नख अडकले की बेरिंग दगडावर ठेवत, त्यावर छन्नी धरत आणि हातोडा पुढे करत. फेकलेले बेरिंग कोणीतरी उचलतो, धुऊन पुन्हा विकतो, हे त्यांनी पाहिले होते. मालकानेच का तोडायचे, याचेही उत्तर तयार होते. "मी तोडं ते तू घर जाईसन म्हनशी, चांगलं व्हतं. तूच तोड." डॉक्टरांनी तोडले, कापसाच्या व्यापाऱ्यांनी तोडले. नेम चुकला तर घाव छन्नी धरलेल्या चाचांच्या बोटांवर बसे. ते हात मागे घेत नसत.

स्वभाव गोड नव्हता. आमच्या वृत्तपत्राचे गठ्ठे नेणारी जीप त्यांनी एकदा दिवसभर अडकवली. ऑइल सील जळगावहून यायचे होते आणि जुन्यावर ते चाक चढवायला तयार नव्हते. गठ्ठे एसटीने पाठवावे लागले. मी चिडलो, तर म्हणाले, "छापेल बातमी उद्या बी वाचतस लोके."

शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात त्या संस्थेचीच बस शेडमध्ये आली. जीपच्या कामासाठी मी तिथे बसलो होतो. पुढच्या डाव्या चाकाचे बेरिंग तापून निळे पडले होते. कडीवर खड्डे होते, ते नख न फिरवताही दिसत होते. चालकाने फोन केला आणि संस्थेचे साहेब स्वतः आले. चाचांनी बेरिंग दगडावर ठेवले, हातोडा पुढे केला. साहेबांनी हात पाठीमागे बांधले.

"डिझेलमध्ये धुवा, ग्रीस भरा, बसवा. दिवाळीत बघू."

"नही बसाडत."

"चाचा, गाडी माझी आहे."

"गाडी तुमनी. पोरे गावना शेतस."

साहेबांनी मान वर करून शेडच्या पत्र्यांकडे पाहिले. "आणि ही जागा?"

शेड तोंडी शब्दावर उभी होती, कागद कसलाही नव्हता. हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. चाचांनी हातोडा आपल्याच हातात फिरवला आणि मी पाहिलेल्या इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतः घाव घातला. बेरिंगची जाळी चेपली, आतले रोलर सुटून साहेबांच्या बुटांपर्यंत गेले.

"आते धुवा," चाचा म्हणाले.

तीन चाकांवर बस हलत नाही. दुसऱ्या दिवशी नवी बेरिंगे आली. चाचांनी चारही चाके उघडली, ब्रेकचे झिजलेले लायनर बदलले, चालकाला घेऊन पारोळा रस्त्याने फेरी मारली आणि परत आल्यावर प्रत्येक हब तापले नाही ना, हे तळहात लावून पाहिले. बस ठरल्या दिवशी शाळेत गेली. त्याच दिवशी आठ दिवसांत जागा सोडण्याचा निरोप आला. मी बातमी करतो म्हणालो. "फोटू बेरिंगना छापा, मना नको," एवढेच ते बोलले. मी बातमी दिली. संस्था आमची जाहिरातदार होती. बातमी लागली नाही.

आठव्या दिवशी पत्रे उतरवून टेम्पोत चढवले जात होते. पुढची जागा ठरलेली नव्हती. संस्थेचा शिपाई मोटरसायकलवरून आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "चाचा, साहेब म्हणतात, एकदा येऊन चूक झाली म्हणा. जागा राहील."

"कसानी चूक?"

"मले काय माहीत? मी निरोप्या."

चाचा त्याच्याकडे पाहतच नव्हते. ते मोटरसायकलचे मागचे चाक पाहत होते.

"मांगला ब्रेक ढिला शे तुना. उतर."

शिपाई उतरला. चाचांनी टेम्पोतल्या पिशवीतून पाना काढला, उकिडवे बसून नट आवळला, चाक फिरवले, पेडल हाताने दाबले. चाक जागच्या जागी थांबले. पुन्हा फिरवले, पुन्हा दाबले. मग उठून हात पुसले.

"आते जाय. सायबले सांगजो, चाचा नही म्हनना."